रविवारची अकरा मुलं आणि पुस्तकांचा व्यवसाय

"ताई, मी विक्रोळीला राहते. टी.वाय.बी.ए.ला आहे, विषय मराठी. मुलांची पुस्तकं लहानपणी वाचायची तशीच आजही वाचते. दर रविवारी आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर अकरा मुलांना गोष्टी वाचून दाखवते. पहिलीतला एक जण कंटाळला की सरळ उठून जातो, म्हणून वाचता वाचता मी पुस्तकातली वाक्यं बदलते. मला मुलांची आणि किशोरवयीनांची पुस्तकं काढणाऱ्या प्रकाशनात काम करायचंय. बाबा बेस्टमध्ये आहेत, ते म्हणतात बँकेच्या परीक्षा दे. आई म्हणते बी.एड. कर. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, इंग्रजी बेताचं. मुंबईत अशा नोकऱ्या खरंच असतात का, की दिल्लीला जावं लागेल? आणि माझा भाऊ नववीत आहे. त्याला मराठीत वाचायला देण्यासारखं मला काही सापडत नाही, याचं फार वाईट वाटतं."

प्रिय मैत्रिणी,

पुस्तकांवर प्रेम आहे म्हणून प्रकाशनात जायचंय, अशी पत्रं मला बरीच येतात. तुझं पत्र मी बाजूला काढून ठेवलं ते त्या पहिलीतल्या मुलामुळे. तो उठून जातो आणि तू वाक्य बदलतेस. बालसाहित्याचा संपादक दिवसभर हेच करतो. फरक इतकाच की त्याच्यासमोर ते मूल बसलेलं नसतं, ते मनात धरून काम करावं लागतं. आपल्याला पुस्तक किती आवडलं हे विसरून समोरच्या सहा वर्षांच्या पोराचं लक्ष कुठे सुटलं ते बघणं, ही सवय बहुतेकांना काही वर्षं काम केल्यावर लागते. तुला ती गच्चीवर लागली आहे.

मी मार्गदर्शनाच्या कामात येण्याआधी काही वर्षं मुंबईतल्या एका प्रकाशनसंस्थेत मुलांच्या पुस्तकांचं संपादन केलं. म्हणून आधी ते काम काय असतं ते सांगते, कारण बाहेरून ते फक्त वाचनाचं वाटतं.

चित्रांचं पुस्तक बहुधा 32 पानांचं असतं. त्याचं कारण कागदात आहे. छापखान्यातला मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून घडी घातला की 16 पानांचा एक फर्मा होतो, असे दोन फर्मे म्हणजे 32 पानं. त्यातून मुखपृष्ठाच्या आतली माहितीची पानं वजा जातात आणि गोष्टीला जेमतेम 26-28 पानं उरतात. लेखकाची गोष्ट त्यात बसवायची. कुठलं वाक्य डाव्या पानावर, कुठलं उजव्या, आणि मूल पान उलटेल तेव्हा काय दिसेल, हे ठरवायचं. चित्रात मांजर कपाटावर बसलेलं दिसत असेल तर मजकुरात ते पुन्हा सांगायचं नाही. या सगळ्याची आधी एक डमी बनते, साध्या कागदांची, हाताने घडी घातलेली.

एकदा ती डमी शेवटच्या दिवशी मी पुन्हा उलटून पाहिली नाही. पुस्तकात उजव्या पानावर प्रश्न होता, वाघ कुठे लपलाय? उत्तर पान उलटल्यावर दिसायचं होतं. छपाईला जाताना सुरुवातीला इतर पुस्तकांच्या यादीचं एक पान वाढलं, पुढची सगळी पानं एकाने सरकली आणि प्रश्न आणि वाघ समोरासमोर छापले गेले. एका शाळेत मी ते वाचायला घेतलं तेव्हा मुलांनी प्रश्न पुरा व्हायच्या आत वाघावर बोट ठेवलं. त्या हजार प्रती आजही मला आठवतात. तेव्हापासून छपाईआधीची शेवटची डमी मी उभं राहून, मोठ्याने वाचत, पानन् पान उलटून तपासायची. तूही ही सवय लाव.

आता तुझ्या इंग्रजीबद्दल. या क्षेत्रात तुझी मराठीच तुला काम मिळवून देईल, हे मी तुला धीर द्यायला म्हणत नाही. बंगळुरूची प्रथम बुक्स, चेन्नईची तूलिका, दिल्लीचं नॅशनल बुक ट्रस्ट या संस्था अनेक भारतीय भाषांत मुलांची पुस्तकं काढतात आणि त्यात मराठी असते. मूळ पुस्तक पुष्कळदा इंग्रजीत किंवा हिंदीत तयार होतं आणि मग ते मराठीत आणायला माणूस लागतो. इंग्रजी समजणारे खूप मिळतात. मराठीत सहा वर्षांच्या मुलाला ऐकवता येईल असं वाक्य लिहिणारे फार थोडे मिळतात.

अनुवाद कसे फसतात त्याचा एक नमुना मीच करून देते. समज, गोष्टीत अस्वलाचं पिल्लू चंद्राकडे बघतंय. येणारा मजकूर असा असतो: "छोट्या अस्वलाने चंद्राकडे पाहिले व एक दीर्घ उसासा टाकला." व्याकरण अचूक, पण तुझा तो पहिलीतला मुलगा इथे उठणार. "पिल्लानं चांदोबाकडे पाहिलं. पाहतच राहिलं. मग म्हणालं, हूंऽऽ." इथे तो बसेल. पाहिले की पाहिलं, अस्वलाने की अस्वलानं, यावर प्रकाशनांच्या बैठकांत तास तास वाद होतात. काहींना वाटतं मुलांच्या कानावर प्रमाणभाषाच पडावी. माझं मत उलट आहे. पुस्तक मोठ्याने वाचलं जाणार असेल तर ते बोलण्याच्या मराठीतच हवं, आणि मालवणी किंवा अहिराणी बोलणारं पात्र असेल तर त्याच्या तोंडी त्याचीच बोली हवी.

अक्षराचंही तसंच. राज्य सरकारने 2009 साली मराठी वर्णमालेचा शासननिर्णय काढला, त्यात पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण ठरवला. पुष्कळ फॉन्टमध्ये आपोआप उमटतात ती हिंदी वळणाची ल आणि श. शाळेत एक अक्षर गिरवणाऱ्या मुलाला गोष्टीच्या पुस्तकात दुसरंच अक्षर दिसतं आणि ते अडखळतं. प्रूफ वाचताना हे पकडणारा माणूस ज्या कचेरीत असतो तिथली पुस्तकं वेगळी ओळखू येतात.

मुंबई की दिल्ली? इंग्रजीतली मोठी नावं, म्हणजे पेंग्विनचं पफिन, हार्परकॉलिन्स, स्कोलॅस्टिक, यांचं काम मुख्यतः दिल्ली-गुरुग्रामकडून चालतं. तुला मराठीत काम करायचं असेल तर तिकडे जायची गरज नाही. तुझ्या भावाचं कुठलंही पाठ्यपुस्तक घे आणि प्रकाशकाचा पत्ता वाच: प्रभादेवी, मुंबई 25. बालभारती 1967 साली सुरू झाली, तिचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय. अमर चित्र कथा 1967 साली मुंबईतच सुरू झाली आणि 'टिंकल' 1980 साली. नवनीत दादरला आहे. 'वयम्' हे मुलांचं मासिक आपल्या भागातलं आहे. ज्योत्स्ना प्रकाशनाने मराठी चित्रपुस्तकांसाठी जे केलं ते तू वाचक म्हणून जाणतेसच. लेखिका-चित्रकार माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं तिथलीच. टाटा ट्रस्ट्सच्या 'पराग' या बालसाहित्याच्या उपक्रमाने 2016 साली बिग लिटल बुक अवॉर्ड सुरू केलं तेव्हा लेखनासाठी पहिल्या वर्षी भाषा निवडली मराठी, आणि ते माधुरी पुरंदरे यांनाच मिळालं. पुण्यात आणखी पुष्कळ प्रकाशक आहेत आणि संपादनाचं बरंच काम आता घरबसल्या होतं.

पण खरं सांगायचं तर या सगळ्या ठिकाणी मिळून जागा थोड्या असतात आणि त्यांच्या जाहिराती क्वचित येतात. मराठी पुस्तकाची आवृत्ती सहसा हजाराच्या आसपास प्रतींची असते. त्या हिशेबात प्रकाशक पाच-सहा माणसं पगारावर ठेवू शकत नाही. म्हणून बहुतेकांची सुरुवात बाहेरून काम घेऊन होते: मुद्रितशोधन, अनुवाद, दिवाळी अंकाच्या हंगामात मदत. गणपतीच्या आधीपासून अंकांच्या कचेऱ्यांत माणसं कमी पडतात. तू जुलैतच दोन-तीन संपादकांना पत्र लिही. पत्राला तुझी पदवी जोडू नकोस, एक पानभर अनुवाद जोड.

काम मिळालं की कितीही छोटं असलं तरी दर, मुदत, पुस्तकावर अनुवादक म्हणून तुझं नाव कुठे छापणार आणि अनुवादाचे हक्क कोणाकडे राहणार, हे लेखी घे. प्रेमापोटी काम करणाऱ्या मुली हे विचारायला लाजतात आणि मग तीन-तीन महिने मानधनाची वाट बघतात. मी हे फार वेळा पाहिलंय.

आता आई-बाबांचं. त्यांची काळजी रास्त आहे. सुरुवातीचा पगार बँकेतल्या पगारापेक्षा कमीच असेल आणि काही महिने अजिबात नसेल. बाबांपासून हे लपवू नकोस. त्यांना एवढं दाखव की आयबीपीएसच्या पीओ, म्हणजे बँक अधिकाऱ्याच्या, परीक्षेला खुल्या गटातही तिशीपर्यंत बसता येतं. तू 21ची असशील. दोन वर्षं या कामाला दिलीस तर ते दार बंद होत नाही. ती दोन वर्षं मोजून घे: किती काम मिळालं, किती पैसे आले, याची वही ठेव आणि दर सहा महिन्यांनी बाबांसमोर उघड. आईचं बी.एड. मी उडवून लावणार नाही. दुसरीतल्या आणि पाचवीतल्या मुलाच्या वाचनात काय फरक असतो, हे वर्गात उभं राहिलेल्या माणसाला पुस्तकं वाचून शिकलेल्यापेक्षा जास्त कळतं. मराठीत मुलांसाठी लिहिणारे कितीतरी जण शिक्षक होते. दोन वर्षांनी पैशाची घडी बसली नाही तर बी.एड. ही माघार ठरणार नाही, तिथूनही याच कामात येता येतं.

अभ्यासक्रमांवर मी फार भर देत नाही. नॅशनल बुक ट्रस्ट प्रकाशनाचे छोटे अभ्यासक्रम घेतं, ते उपयोगी आहेत. 'पराग'चा ग्रंथालय शिक्षकांसाठीचा अभ्यासक्रम तुझ्या रविवारच्या कामाला थेट जुळतो. चित्रं काढत असतीस तर जे. जे.च्या उपयोजित कलेबद्दल बोलले असते. इंग्रजी सुधार, पण वाचण्यापुरतं. अनुवादकाला इंग्रजी फाडफाड बोलावं लागत नाही, त्यातली खोच कळावी लागते.

आणि हो, दुकानांत जा. दादरच्या आयडियलमध्ये शनिवारी संध्याकाळी तासभर मुलांच्या पुस्तकांपाशी उभी राहा आणि फक्त बघ. मूल पुस्तक उचलतं, आई किंमत बघते, बाबा पानं मोजतात. मग फोर्टच्या किताबखान्यात जाऊन तेच बघ. कोण काय परत ठेवतं हे लिहून ठेव. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीतल्या शेकडो गोष्टी मोफत वाचता येतात आणि खुल्या परवान्यामुळे स्वतः अनुवाद करूनही टाकता येतात. सरावाला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

तुझ्या भावाचा प्रश्न मी शेवटाला ठेवला, कारण मला त्याची सर्वात जास्त तळमळ आहे. मराठीत लहान मुलांसाठी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत फार सुंदर पुस्तकं आली. मोठ्यांसाठी तर आहेतच. मधली तेरा ते सतरा ही वर्षं मोकळी पडली आहेत. त्या वयाचं मूल एक तर इंग्रजीकडे जातं किंवा वाचनच सोडतं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा होता, त्याचं गाव, त्याची शाळा, त्याची सायकल वाचकाला ठाऊक होती. विक्रोळीच्या नववीतल्या मुलाचा पत्ता आज कुठल्या मराठी पुस्तकात आहे? सकाळी क्लास, दुपारी शाळा, रात्री एकाच खोलीत चौघं, आवडलेल्या मुलीला पाठवलेला मेसेज, कोणाला न सांगितलेली भीती. हे लिहिणारे आहेत, पण त्यांच्याकडे जाऊन "हे त्या वयासाठी लिहा" म्हणणारा, ते नीट संपादित करणारा आणि उपदेश आला की खोडणारा माणूस प्रकाशनात क्वचित भेटतो. प्रकाशक म्हणतात, या वयाची पुस्तकं खपत नाहीत. माझ्या मते दुकानात त्यांच्यासाठी वेगळा खणच नसतो, मग ती खपणार कशी? शाळांची ग्रंथालयं एकगठ्ठा घेतात तीही बहुधा संस्कारकथा आणि चरित्रं. पाच-सात वर्षांनी तू एखाद्या प्रकाशकाकडे या वयाची मालिका घेऊन जाशील, असं मला तुझं पत्र वाचताना वाटलं. त्याची तयारी आत्ता सुरू होऊ शकते.

म्हणून पुढच्या महिन्यात मला दोन गोष्टी पाठव. एक, गच्चीवर तू बदललेली दहा वाक्यं: पुस्तकात कसं होतं, तू कसं वाचलंस. दुसरी, भावाने हातात घेऊन अर्धवट सोडलेल्या पुस्तकांची यादी, आणि प्रत्येक पुस्तकापुढे तो कुठल्या पानावर थांबला तो आकडा.