भूकंप किती किमी लांब झाला हे लाटांच्या वेळेवरून कसं काढतात? भूकंप नेमका कधी झाला हे माहीत नसताना ते कसं जमतं?

मी चिपळूणचा, आमच्याकडे कोयनेचे धक्के लहानपणापासून माहितीचे. खरं तर भूकंप कधी झाला हे आधी माहीत असायची गरजच पडत नाही आणि मला तर यातली सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते.

जमिनीतून दोन लाटा एकदमच निघतात, पी आणि एस. वरच्या खडकात पी सेकंदाला साधारण 6 किमी जाते आणि एस 3.5 किमी, म्हणजे मुंबईहून बाईक आणि एसटी एकाच वेळी सुटल्यासारखं, पनवेलला दोघांत थोडंच अंतर पडेल पण चिपळूणला येईपर्यंत बरंच वाढलेलं असेल. घरात बसून पण कळतं कधीकधी, आधी एक धाडकन आवाज, खिडक्या थरथरतात आणि मग ती आडवी हलवणारी लाट येते, कौलं वाजतात. यंत्राच्या आलेखावर या दोघींमधले सेकंद मोजायचे आणि 8.4 ने गुणायचं, बस्स. हा आकडा येतो कुठून तर दोन्ही वेगांचा गुणाकार 21, त्याला त्यांच्या फरकाने म्हणजे 2.5 ने भागायचं. समजा साडेतीन सेकंद आले तर 29 किमी, आणि कोयनानगर आमच्यापासून सरळ रेषेत जवळपास तेवढंच आहे! आता 29 ला 6 ने भागा, पी ला जवळजवळ 5 सेकंद लागले, तेवढे तिच्या येण्याच्या वेळेतून वजा केले की भूकंपाची वेळ पण मिळाली.

फक्त हे अंतर जमिनीखालच्या केंद्रापर्यंतचं असतं. कोयनेचे भूकंप उथळ असतात म्हणून फार फरक पडत नाही, पण केंद्र 10 किमी खोल असेल तर नकाशावर 29 चे 27 होतात. आणि या अंतरावरून दिशा कळत नाही, त्यासाठी निदान तीन ठिकाणची अंतरं घेऊन नकाशावर वर्तुळं काढायची, ती जिथे एकमेकांना छेदतात तिथे केंद्र.

लांबच्या भूकंपाला मात्र 8.4 वापरू नका प्लीज. 2001 चा भुजचा भूकंप रत्नागिरीपासून पावणेआठशे किमीच्या आसपास होता, एवढ्या लांबून येणाऱ्या पहिल्या लाटा खोल जाऊन जास्त वेगाच्या खडकातून येतात त्यामुळे पी आणि एस मधल्या दर सेकंदाला 8.4 ऐवजी 10 किमीच्या आसपास अंतर धरावं लागतं, त्याहून लांब असेल तर तयार तक्तेच बघतात.