क्लासची फी भरलीत, मुलीला विचारलंत का?

तुमच्या पत्रात मुलीचे दहावीपासूनचे गुण आहेत, एमपीएससीच्या क्लासची फी आहे. तिचं म्हणणं मात्र एकाच ओळीत उरकलंय: ‘एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून रक्तपेढीत दाते आणि कर्मचारी सांभाळायचं खूळ डोक्यात घेतलंय.’ लगेच पुढे लिहिता की तिला न विचारता क्लासचे पैसे भरले आणि तेव्हापासून ती बोलत नाही.

मला काळजी वाटली ती या अबोल्याची. बी.एस्सी.ला 61 टक्के ही अडचण नाहीच. पदवीधर मुलगी घरात तोंड मिटून बसते आणि तुम्ही त्याला हट्ट म्हणता, हे मला अजिबात पटलेलं नाही. वर कॉलेजच्या एनएसएसतर्फे ती रक्तदान शिबिरांना जायची, तेही तुम्ही थांबवलंत. हे काम आपल्याला झेपेल का, हे तिला तिथेच कळलं असतं. एमपीएससी, बँक, बी.एड. हे रस्ते तुम्हाला माहीत आहेत, त्यावर लिहीत नाही.

या कामात कर्मचाऱ्यांच्या युनियनशी गाठ पडते, आणि तुमचा खरा राग युनियनवर दिसतो. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडली, ‘युनियननं घास काढून घेतला’ हे तुम्ही लहानपणापासून ऐकलंत. ते हाल खरे आहेत. पण सोलापूरच्या गिरण्या जुनाट यंत्रं आणि यंत्रमागाची स्पर्धा यांनीही खचल्या. आणि रक्तपेढीत भांडण कशावरून होतं ते बघा. शिबिरं रविवारी, जयंतीला, गणपतीत. म्हणजे तंत्रज्ञ सुट्टीच्या दिवशी पहाटे गाडीत सामान भरतात. पाहुणे उशिरा येतात, उद्घाटन लांबतं, पहिली सुई अकराला लागते. पिशव्या पेढीत आल्या तरी सुटका नाही, कारण प्लेटलेट हव्या असतील तर रक्ताचे घटक काही तासांतच वेगळे करावे लागतात. त्या प्लेटलेट टिकतात जेमतेम 5 दिवस, म्हणून लवकरच पुन्हा शिबिर. बदली सुट्टी कागदावरच राहते, कंत्राटी माणसाला कित्येकदा तीही नसते. युनियन हेच मांडते. ते ऐकलं नाही तर थकलेल्या हाताची सुई दोनदा टोचते, दात्याचा हात काळानिळा होतो आणि तो पुन्हा फिरकत नाही. म्हणून दाते सांभाळणं आणि कर्मचारी सांभाळणं ही एकाच माणसाची जबाबदारी असावी, असं माझं ठाम मत आहे. मंडळाला तारीख देण्याआधी ड्युटीचा तक्ता युनियनच्या प्रतिनिधीसमोर ठेवायचा. संपाची नोटीस आलीच, तर तातडीचं रक्त आणि वारंवार रक्त चढवावं लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या मुलांसाठीचं रक्त कोण देणार, हे दोघांनी आधीच लिहून ठेवायचं.

‘दारोदार रक्त मागत फिरायचं’ असं तुम्ही म्हणता. पैसे घेऊन रक्त देण्यावर 1 जानेवारी 1998 पासून देशात बंदी आहे, त्यामुळे सगळा भार आपणहून देणाऱ्यावर. पुरुष 3 महिन्यांनी, स्त्री 4 महिन्यांनी पुन्हा देऊ शकते. त्यांना परत यावंसं वाटलं पाहिजे. ‘मी फुकट दिलं, मग पेशंटकडून पैसे कशाचे?’ असं दाता विचारतो. ते पैसे एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस, मलेरियाच्या तपासण्यांचे, पिशवीचे आणि साठवणुकीचे, हे त्याला नीट समजावावं लागतं. मे महिन्यात सोलापूर तापलेलं, कॉलेजं बंद, शिबिरं आटलेली. अशा वेळी हेच जपलेले दाते फोनवर येतात.

आता मुलीसाठी. सुरुवातीचा पगार कमी असेल, नोकरी बहुधा कंत्राटी. पेशंटचे नातेवाईक रात्री-अपरात्री चिडून बोलतील. युनियनशी बोलणी सुरुवातीची काही वर्षं वरिष्ठच करतील, तू टिपणं काढशील. सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) हे पद असतं, पण जागा फार थोड्या. केवळ त्या आशेवर एम.एस.डब्ल्यू. करू नकोस. आधी एखाद्या पेढीत चार-सहा महिने स्वयंसेवक म्हणून जा, शिबिराच्या दिवशी सकाळपासून रात्री पिशव्या फ्रीजमध्ये जाईपर्यंत थांब, तंत्रज्ञांशी बोल. कामगार कायद्याची ओळख तेव्हाच करून घे. तरी मन तिथेच राहिलं, तर एम.एस.डब्ल्यू.चा अर्ज भर.

आणि तुम्ही क्लासकडून फी परत मिळते का विचारा. नाही मिळाली तर त्या पैशांचा विषय तिच्यापुढे काढू नका. शिबिराला जायची बंदी आजच उठवा.