ग्राहक म्हणतो ‘उडवून टाका’, तेव्हा काय करायचं?

झाडछाटणीची कामं घेणाऱ्या वाचकांचे हे प्रश्न. पावसाळा तोंडावर आला की असल्या पत्रांचा ढीग वाढतो.

प्रश्न : ठाण्यातल्या एका सोसायटीत जुना डेरेदार वर्षावृक्ष आहे. बगळे बसतात, गाड्या घाण होतात. सेक्रेटरी म्हणतात, ‘अर्ध्यावर आणा.’ मी नाही म्हटलं तर दुसरा येऊन कापेल. मग मीच का नको?

‘अर्ध्यावर आणा’ हा सेक्रेटरींनी स्वतःच शोधलेला उपाय आहे. त्यांची खरी तक्रार गाड्यांची आहे, तेवढीच धरा. त्यांना झाडाखाली घेऊन जा आणि पार्किंगवर नेमक्या कोणत्या फांद्या येतात ते बोटानं दाखवा. बहुतेक वेळा दोन-तीन निघतात. त्या काढा; फांदीच्या बुडाशी जे फुगीर कडं असतं ते शाबूत ठेवून काप घ्या. आधी खालून खाच मारा, नाहीतर फांदी खाली येताना खोडाची साल सोलवटून नेते. मोठ्या झाडाची पाव भागाहून जास्त पालवी एका वेळी काढू नका.

शेंडा मारलेलं, म्हणजे वरून सरसकट कापलेलं झाड काय करतं, हे सेक्रेटरींना पैशांत सांगा. पानं गेली की झाड साठवणीतलं अन्न खर्चून धडाधड धुमारे फोडतं. हे धुमारे सालीलगतच्या बाहेरच्या थरातून येतात, भराभर जाड होतात, पण त्यांची पकड कच्ची असते. खालचा उघडा काप दरम्यान कुजत असतो. काही वर्षांत झाड पुन्हा तेवढंच उंच होतं, फक्त आता त्याच्या फांद्या वाऱ्यात सुटून पडू शकतात. म्हणजे छाटणीचा खर्च कायमचा मागे लागला. आणि ढोकरी-बगळ्यांची वीण पावसाळ्यात असते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ घरटी आणि अंड्यांनाही लागू आहे, तेव्हा काम त्याआधी किंवा नंतर.

दुसरा कापेल? कापेलही. माझ्या हातून अशी कामं गेली आहेत. पण ‘शेंडा मारू नये, कारण अमुक’ असं कोटेशनवरच लिहून द्या. तो कागद सभेत वाचला गेला की मागच्या रांगेतून कुणीतरी बोलतोच.

प्रश्न : बंगल्यातली चिंच पोकळ आहे. मालकाला तिथे गाडीसाठी शेड हवी आहे. ‘झाड धोकादायक’ असं पत्र मागतात. पोकळ तर खरंच आहे.

पोकळ असणं आणि पडायला आलेलं असणं यांत फार अंतर आहे. झाडाचा भार बाहेरचं लाकूड पेलतं, नळीसारखं. अंदाजाला एक जुना ठोकताळा आहे : सुदृढ भिंतीची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश असेल, तर पोकळीला लगेच घाबरायचं कारण नाही. भिंतीला मोठं भगदाड असेल तर मात्र हा हिशेब चालत नाही. लाकडी हातोड्यानं चौफेर ठोकून पाहा आणि आवाज कुठे भद्द होतो तिथे खडूनं खूण करा. मग बुडाशी बसा. अळंबीचे टणक पंखे आलेत का, माती एका बाजूला उचललीय का, मुळं कुणी तोडलीत का? मी सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवतो, कारण झाड बहुधा खालून दगा देतं. काँक्रीट थेट खोडाला भिडवलेलं असेल तर आधी ते फोडायला सांगा. दिल्लीत तर राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं होतं.

जे दिसलं ते पत्रात लिहा, फोटो लावा. शेडसाठी ‘धोकादायक’ लिहिलंत, तर पुढच्या वर्षी खऱ्या धोक्याच्या झाडासाठी दिलेलं तुमचं पत्र कुणी वाचणार नाही.

प्रश्न : परवानगी छाटणीची आहे, ग्राहक म्हणतो खोडापर्यंत घ्या, बघतो मी.

तो बघणार नाही. करवत तुमच्या हातात असेल. महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी वृक्ष कायद्यात जाळणं आणि कोणत्याही प्रकारे झाडाला इजा करणं हेही ‘तोडणं’च धरलं आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षं आणि त्याहून जुनी झाडं वारसा वृक्ष ठरली. परवानगीची प्रत खिशात ठेवा, त्यात लिहिलंय तेवढंच कापा.

प्रश्न : एकानं ‘बुंध्यात काहीतरी घाला, वाळलं की परवानगी मिळेल’ असं सुचवलं.

फोन ठेवा.

प्रश्न : लाकूड आमचं आणि मजुरी कमी, असा व्यवहार करावा का?

मी करत नाही. खोडाकडे बघताना घनफूट दिसायला लागले की डोळा बिघडतो.

प्रश्न : आजी एकट्या राहतात. कौलांवर कललेला आंबा आहे. झाड धडधाकट आहे, पण त्यांना वादळात झोप लागत नाही. त्यांना काय सांगू?

‘काही होत नाही, आजी’ एवढंच म्हणून निघू नका. मी एकदा निघालो होतो. पुढच्याच पावसात त्या घरावर एक फांदी आली. कुणाला लागलं नाही, पण मी वर चढून पाहिलंच नव्हतं, ही गोष्ट मला अजून टोचते. लहानपणापासून कललेलं झाड शेंड्याकडे पुन्हा सरळ होतं आणि मुळंही त्या बेतानं धरतं. नव्यानं कललेल्या झाडात ते वरचं वळण नसतं आणि कलत्या बाजूच्या उलट माती फुटलेली दिसते. वर जा, वाळकं काढा, बांडगूळ काढा, कौलांवरच्या फांद्यांचा टोकाचा भार हलका करा. खाली आल्यावर आजींना त्या मातीपाशी न्या आणि कोणती भेग बघायची ते दाखवा. तुमचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून द्या. पहिल्या मोठ्या पावसानंतर फोनची वाट न बघता स्वतःच चक्कर मारा.