जुन्या कॉम्प्युटरसाठी आयथ्री, डीडब्ल्यूएम की हायपरलँड?

४ जीबी रॅमचा जुना कॉम्प्युटर, सोलापुरात टॉवेल कारखान्याचं ऑफिस, गिंपमध्ये (चित्रं बनवायचा प्रोग्रॅम) जॅकार्डची (विणून काढलेल्या नक्षीची) डिझाइन आणि शेजारी हिशेबाची शीट, असं तुमचं काम आहे, आणि लिनक्सवर खिडक्या आपोआप शेजारी-शेजारी मांडणाऱ्या या तीन प्रोग्रॅमपैकी (विंडो मॅनेजर) कोणता घ्यावा, हा प्रश्न आहे. माझं मत सरळ आहे: आयथ्री घ्या.

आयथ्रीत सगळ्या सेटिंग एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असतात. बदल केला की मॉड+शिफ्ट+आर दाबायचं (मॉड म्हणजे सहसा विंडोज किंवा अल्ट की), उघड्या खिडक्या तशाच राहतात. जागा कशी विभागायची हे तुम्ही ठरवता: मॉड+व्ही दाबलं की पुढची खिडकी खाली येते, मॉड+एच दाबलं की शेजारी. डिझाइन मोठं हवं असेल तेव्हा मॉड+एफ, की पूर्ण स्क्रीन तिचीच.

डीडब्ल्यूएम त्याहून हलका, पण प्रत्येक बदलाला सी भाषेतली कॉन्फिग (सेटिंगची) फाइल बदलून प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करावा (कोडपासून नव्याने बनवावा) लागतो. ऑफिसात दुसरं कुणी बसणार असेल तर नकोच. हायपरलँड दिसायला फार देखणा, पण त्याची अ‍ॅनिमेशन जुन्या ग्राफिक्सवर जड जातात.

वेलँडच (स्क्रीनवर खिडक्या दाखवायची लिनक्सची नवी पद्धत) हवं असेल तर स्वे हा विंडो मॅनेजर बघा, आयथ्रीची कॉन्फिग बहुतेक तशीच चालते. मराठी टाइप करत असाल तर हे मात्र विसरू नका: स्वेच्या कॉन्फिगमध्ये शॉर्टकट ठरवणाऱ्या ओळीत बाइंडसिम या शब्दापुढे --टू-कोड (रोमन अक्षरांत) लिहा. नाहीतर मराठी लेआउट चालू असताना अक्षरांचे शॉर्टकट चालत नाहीत.