दोनपैकी कोणती गूगल जाहिरात बंद करायची, हे कधी ठरवावं?

तुम्ही दिलेली माहिती अशी: ठाण्यात टेरेस वॉटरप्रूफिंगचा व्यवसाय, रोजचं बजेट 300 रुपये, क्लिकला साधारण 40 रुपये. आठवड्यात दोन्ही जाहिराती 600-600 वेळा दिसल्या. पहिलीला 24 क्लिक (4 टक्के), दुसरीला 30 (5 टक्के). पहिली बंद करू का, असं विचारलंय.

इतक्यात नको. दोन्ही जाहिराती शब्दन् शब्द सारख्या असत्या, तरी एवढी तफावत दहापैकी चार वेळा निव्वळ योगायोगाने दिसली असती. 4 आणि 5 टक्क्यांमधला फरक खात्रीने सांगायला प्रत्येक जाहिरात साधारण 6,700 वेळा दिसावी लागते. तुमच्या वेगाने अकरा आठवडे.

पण मुळात क्लिकवरून निकाल लावूच नका. पैसे क्लिकचे जातात, पोट मात्र कामावर भरतं. ‘मोफत पाहणी’ लिहिलं की क्लिक वाढतात, आणि त्यात नुसती चौकशी करणारे बरेच असतात. उलट प्रति चौरस फूट दर हेडलाइनमध्येच टाकला तर सीटीआर (जाहिरात जितक्या वेळा दिसली त्यातल्या क्लिकचं प्रमाण) पडतो, कारण ज्यांना तो परवडत नाही ते क्लिकच करत नाहीत. म्हणजे तुमचे 40 रुपये वाचले! पडलेला सीटीआर बघून अशी जाहिरात बंद करणारे लोक पाहिले की मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून फोन मोजा. लँडिंग पेजवरच्या (क्लिक केल्यावर उघडणाऱ्या पानावरच्या) ‘कॉल करा’ बटणावरची टॅप कन्व्हर्जन, म्हणजे मोजायची कृती, म्हणून गूगल ॲड्समध्ये लावून घ्या. हे झाल्याशिवाय टेस्ट सुरू करू नका. आता हिशेब बघा. क्लिकमागे फोनचं प्रमाण 10 वरून 12 टक्क्यांवर गेलं, हे सिद्ध करायला दोन्ही मिळून साडेसात हजारांवर क्लिक लागतील, म्हणजे पावणेतीन वर्षं. 10 वरून 20 वर गेलं तर 400 क्लिक पुरतात, सात-आठ आठवड्यांचं काम. त्यामुळे लहान बजेटवाल्याने ‘उत्तम’ की ‘उत्कृष्ट’ यात वेळ घालवू नये. मुद्दाच वेगळा घ्या: एकीत ‘5 वर्षांची लेखी हमी’ (खरंच देत असाल तरच), दुसरीत ‘दर आधीच सांगतो’. लँडिंग पेज एकच, आणि दोन्ही गोष्टी त्यावर दिसल्या पाहिजेत.

सेटिंगचं थोडक्यात. रिस्पॉन्सिव्ह सर्च ॲडमध्ये (गूगल सर्चमध्ये दिसणारी मजकुराची जाहिरात) 15 पर्यंत हेडलाइन देता येतात आणि गूगल त्यांची सरमिसळ करतं, म्हणून तुमचा मुद्दा पहिल्या जागी पिन करा, म्हणजे तिथेच पक्का करा. ‘ॲड स्ट्रेंग्थ’ (गूगल जाहिरातीला देतं तो शेरा) खाली येईल, येऊ द्या. कोणाची जाहिरात दाखवायची हे ठरवणाऱ्या लिलावात ती थेट धरली जात नाही. ॲड रोटेशन (कोणती जाहिरात किती वेळा दाखवायची ते सेटिंग) ‘ऑप्टिमाइझ’वर असेल तर गूगल आपल्या आवडत्या जाहिरातीलाच पुढे करतं, ते बदला. स्मार्ट बिडिंग (क्लिकची बोली गूगलच आपोआप ठरवतं ती सोय) चालू असेल तर मात्र हे सेटिंग मानलं जात नाही. मग गूगल ॲड्सच्या एक्सपेरिमेंट्स विभागातून 50-50 विभागणी करा.

आणि दोन्ही एकाच वेळी चालवा. एक मे महिन्यात, दुसरी जूनमध्ये असं नको. पहिल्या पावसानंतर ज्याचं छत गळायला लागलंय, तो कुठलीही जाहिरात दिसली तरी फोन करतो.