कॉमिकमधल्या सुपरहिरोचा पोशाख सिनेमात चित्रासारखाच का ठेवत नाहीत? असा पोशाख करायला शिकायचं तर सुरुवात कुठून करू?

मी नाशिकला नाटकांची आणि शॉर्टफिल्मची ड्रेपरी करते, म्हणून हा प्रश्न दिसल्यावर राहवलं नाही.

चित्रातला पोशाख मुळात शिवलेलाच नसतो. चित्रकार पिळदार शरीर काढतो आणि त्यावर रंग भरतो. शिवण नाही, चेन नाही, काखेत एक चुणी नाही. १९३८ मध्ये सुपरमॅन छापून आला तेव्हा स्वस्त कागद आणि मोजके रंग हाताशी होते. त्यात तो लांबून ओळखू यावा म्हणून निळ्यावर लाल, आणि सर्कशीतल्या पहिलवानासारखी वरून चड्डी. कागदावर ते झकास दिसतं. तेच जसंच्या तसं माणसाच्या अंगावर चढवलं की काय होतं, ते मी स्वतः पाहिलंय.

कॉलेजच्या मुलांची एक शॉर्टफिल्म होती, शूटिंग गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला. त्यांना पोशाख अगदी चित्राबरहुकूम हवा होता. मी लायक्रा, म्हणजे ताणलं जाणारं कापड, अंगाला चापून बसवलं. आरशासमोर पोरगा उभा राहिला तेव्हा सगळे खूश. पहिल्याच शॉटला त्याने उडायला हात वर केला आणि मुंढ्यापासून पार कमरेपर्यंत टीप उसवली. काखेत चौबगला टाकलाच नव्हता. आजोबांच्या बंडीत असायचा ना, काखेतला तो चौकोनी तुकडा, तोच. हात वर जायला लागणारं कापड त्यातून मिळतं. त्यात वाऱ्याने केप सारखी तोंडावर येत होती. शेवटी तिथल्या मासेमारांकडून जाळ्याला लावायचे शिशाचे मणी घेतले आणि केपच्या खालच्या दुमडीत एकेक करून टाचले. मग ती पाठीमागे हवी तशी फडकायला लागली.

मोठ्या सिनेमातही झगडा हाच असतो, फक्त पैसा आणि माणसं जास्त. १९८९ च्या ‘बॅटमॅन’मध्ये मायकेल कीटनला फोम लेटेक्सच्या, म्हणजे रबरी फोमच्या पोशाखात मान वळवता यायची नाही. तो छातीपासून सगळा वळायचा, आणि तीच त्या पात्राची लकब झाली. २००८ च्या ‘द डार्क नाइट’ या बॅटमॅनच्याच सिनेमात वेशभूषाकार लिंडी हेमिंग यांनी केलेल्या पोशाखात डोक्याचा भाग मानेपासून सुटा झाला. मान वळायला हवी, ही मागणी तर त्या कथेतच आहे.

दुसरा प्रश्न पडद्याचा. सपाट रंगाचं कापड एवढ्या मोठ्या पडद्यावर नाइटसूटसारखं दिसतं. म्हणून २००२ च्या ‘स्पायडर-मॅन’मध्ये जाळं नुसतं छापलं नाही, कापडावर उठावाचं केलं. ‘ब्लॅक पँथर’साठी २०१९ मध्ये ऑस्कर मिळवणाऱ्या रूथ कार्टर यांनी काळ्या पोशाखावर बारीक त्रिकोणांची नक्षी दिली. येवल्याची पैठणी लांबून पाहिली तर रंग दिसतो आणि पदर हातात घेतला की मोर दिसतो. सिनेमाच्या पोशाखाला ही दोन्ही अंतरं सांभाळावी लागतात. रंगाची अजून एक अडचण असते. नटाच्या मागे एकरंगी पडदा लावून नंतर तो रंग संगणकावर काढतात आणि तिथे दुसरं दृश्य बसवतात; पोशाख त्याच रंगाचा असला तर तोही गायब होतो. त्याच ‘स्पायडर-मॅन’मध्ये खलनायक हिरवा, म्हणून त्याला निळ्या पडद्यासमोर उभं करावं लागलं आणि निळा-लाल नायक हिरव्या पडद्यासमोर.

काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हा ज्याचा त्याचा निर्णय. २००० च्या ‘एक्स-मेन’ने कॉमिकमधला पिवळा टाकून काळं लेदर घेतलं. सुपरमॅनची लाल चड्डी २०१३ मध्ये गेली आणि २०२५ मध्ये परत आली. मला ती परत आलेली आवडली. माझ्या मते आकार आणि मुख्य रंग यांना हात लावू नये, बाकी सगळं बदलावं.

मुखवट्याचं विचाराल तर आपल्या पेठ-सुरगाण्याकडचा बोहाडा एकदा बघाच. मुखवट्याचे डोळे एवढे मोठे रंगवलेले, की गर्दीत मागे उभ्या असलेल्यालाही देव कोण नि राक्षस कोण ते कळतं. नाचणारा मात्र छोट्याशा फटीतून बघत असतो. बघणाऱ्यासाठी डोळे वेगळे आणि घालणाऱ्यासाठी वेगळे. सुपरहिरोच्या मुखवट्यातही हेच जमवावं लागतं.

आता सुरुवात. महागडं कापड लगेच आणू नका. नाशिकच्या मेन रोडवरून मांजरपाट, म्हणजे साधं कोरं सुती कापड आणा आणि आधी त्याचा कच्चा पोशाख बेता. स्टुडिओतही पक्क्या कापडाला कात्री लावण्याआधी असे नमुने करतात, आणि नंतर एकाच पोशाखाचे कितीतरी जोड शिवतात: जवळच्या शॉटचा वेगळा, स्टंटवाल्याचा वेगळा, फाटलेला वेगळा. तुम्ही निदान दोन तरी करा. मांजरपाट ताणत नाही, त्यामुळे कुठे अडतंय ते लगेच कळतं. तो घालून मित्राला जिना चढायला लावा, उकिडवं बसवा, दोन्ही हात डोक्यावर न्यायला सांगा. जिथे कापड ओढलं जाईल तिथे खडूने खूण करा. चौबगला तिथेच लागणार आहे.