अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्स करारावर फ्लॅट घेतलाय. छत गळतंय, भिंतींना बुरशी आलीय, घरमालक दुरुस्ती करत नाही. मित्र म्हणतात, भाडं बंद कर. भाडं देणं थांबवलं तर चालेल का?

भाडं थांबवू नका. "भाडं बंद कर, मालक सुतासारखा सरळ येईल" असं तुमचे मित्र सांगतायत ना, आमच्या घरात हेच वाक्य धाकट्या काकांच्या तोंडी असायचं. त्यापायी काकांची राहती जागा गेली, म्हणून मुद्दाम लिहायला बसलेय.

आम्ही पुण्यात नारायण पेठेतल्या एका वाड्यात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. आजोबांनी जागा घेताना पागडी, म्हणजे भाड्याव्यतिरिक्त मालकाला एकरकमी द्यायचे पैसे, मोजली होती. तेव्हा पागडी बेकायदा, त्यामुळे तिची पावती असण्याचा प्रश्नच नव्हता. बाबा गेल्यावर भाडेपावती आईच्या नावावर झाली. मालक खालीच राहायचे. वाड्यासाठी बिल्डर चकरा मारायला लागला आणि मालकांनी दुरुस्तीचं नावच टाकलं. कौलं सरकली, पन्हळ तुटली आणि छपरावरचं सगळं पाणी आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत मुरायला लागलं. विजेचा बोर्ड त्याच भिंतीवर होता. पावसाळ्यात बटणाला हात लावला की झिणझिण्या यायच्या, म्हणून आई लाटण्याच्या टोकाने दिवा लावायची. मालकांचं उत्तर ठरलेलं : "वहिनी, एकशेवीस रुपये भाड्यात मी दुरुस्ती कुठून करू?" पागडी घेताना हा हिशोब कुणालाच आठवत नाही.

काका म्हणाले, भाडं थांबवा. आईने ऐकलं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम १४ प्रमाणे जागा राहण्याजोगी ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यायची, आणि त्यानंतरही वाजवी वेळेत दुरुस्ती झाली नाही तर स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करायचा. आईने हे कलम घालून स्वतःच्या अक्षरात नोटीस लिहिली आणि रजिस्टर पोस्टाने पाठवली. खालच्या मजल्यावरच्या माणसाला पोस्टाने नोटीस! वाड्यात गहजब झाला. मालक चौकातूनच ओरडले, "वहिनी, जिना उतरून सांगायचं होतं!" आई म्हणाली, "जिना उतरून सांगितल्याची पोचपावती मिळत नाही."

मुदत उलटली, मालक हलले नाहीत. मग सगळ्या बिऱ्हाडांनी मिळून कौलं उतरवून पुन्हा चढवली, कुजलेले वासे बदलले. इथे एक मेख आहे, ती लोक सांगत नाहीत. वर्षाला जास्तीत जास्त वर्षभराच्या भाड्याच्या एक चतुर्थांश रक्कमच वळती करता येते. आमचं वर्षाचं भाडं १,४४० रुपये, म्हणजे फक्त ३६० रुपये. बाकीचा सगळा खर्च पदरचा. काकांनी यावरून आईला फार सुनावलं. "एवढा खर्च करताच आहात तर पक्का स्लॅबच टाका," असंही वर म्हणाले. आईने विटा-सिमेंटच्या कामाला हात लावू दिला नाही, कारण लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम केलं तर कलम १६ खाली मालकाला जागा परत मागता येते.

मालकांनी भाडं घेणं बंद केलं. आई दर महिन्याला मनीऑर्डर करायची आणि ती "घेण्यास नकार" असा शेरा घेऊन परत यायची. ते सगळे कागद शिलाई मशीनच्या खणात तारखेप्रमाणे लावलेले असायचे. पुढे लघुवाद न्यायालयात दावा लागला तो नेमका थकबाकीचा आणि बेकायदा बांधकामाचा. कलम १५ म्हणतं, भाडेकरू भाडं देतोय किंवा द्यायला तयार आहे तोवर ताबा मागता येत नाही. दावा फेटाळला गेला. काका आजही म्हणतात, वहिनींना जज चांगला मिळाला. निकालपत्र मी वाचलंय. त्यात पानभर त्या मनीऑर्डरींबद्दल आहे. काकांच्या वाड्याचं छप्पर आमच्यापेक्षा वाईट होतं, पण त्यांच्याकडे नोटीस नव्हती, पावत्या नव्हत्या, होती फक्त थकबाकी.

आता तुमचं. तुम्ही फ्लॅटमध्ये अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर आहात, म्हणजे कायद्याच्या भाषेत भाडेकरू नाही, परवानाधारक आहात. वरची कलमं तुम्हाला जशीच्या तशी लागू नाहीत. तुमच्यासाठी करारात लिहिलंय तेच प्रमाण, म्हणून आधी दुरुस्तीचं आणि नोटीस देऊन बाहेर पडण्याचं कलम वाचा. करार नोंदणीकृत नसेल तर भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ मात्र तुम्हालाही लागू आहे : तो दोष मालकाचा, आणि अटींबद्दल वाद झाला तर वेगळं सिद्ध होईपर्यंत तुमचं म्हणणं ग्राह्य. शिवाय १८८२ चा सुविधाधिकार कायदा आहे : जागेतला धोकादायक दोष मालकाला माहीत असेल तर तो परवानाधारकाला सांगणं बंधनकारक आहे. म्हणून ओलीचे फोटो काढा, तारीख घालून पत्र लिहा, ई-मेलने आणि स्पीड पोस्टाने पाठवा. फोनवरच्या बोलण्याचा पुढे काही उपयोग होत नाही.

राहण्यासारखं नसेल तर नोटीस देऊन सरळ बाहेर पडा. तुमच्या जागी मी तेच करेन. आईचा लढा पिढ्यान्पिढ्यांच्या जागेसाठी होता, तुमचा अकरा महिन्यांचा आहे. मात्र "ठेव (डिपॉझिट) परत दिल्याशिवाय किल्ली देणार नाही" म्हणून मुदत संपल्यावर अडून बसू नका. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली मुदतीनंतरच्या राहण्याला दुप्पट दराने भरपाई लागते, तुमची ठेव त्यातच जाईल. नोटिशीच्या काळातलं भाडं ठेवीतून वळतं करून घ्यायला मालकाला लेखी कबूल करायला लावा, बरेच मालक तयार होतात.

आणि हे वाचणाऱ्या जुन्या भाडेकरूंसाठी : महापालिकेने इमारत धोकादायक ठरवली तर जिवाशी खेळू नका, बाहेर पडा. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये हे स्पष्ट केलंय. निघण्याआधी आपल्या ताब्यातल्या जागेचं मोजमाप महापालिकेच्या कागदावर नोंदवून त्याची प्रत घ्या. आमचा वाडाही शेवटी पाडलाच, पण नव्या इमारतीत आईच्या नावावर जागा आहे. काका वाकडला भाड्याने राहतात आणि सणाला आले की अजून हाच वाद घालतात.